रामटेके बाईंचं उपाशी टाकं

ये गं सोनल, जवळ ये. कागदातून का होईना, पण समोर बसल्यासारखी बस आणि तो मोबाईल पालथा घालून ठेव. परवा फोनवर तू हसलीस ते मला आवडलं नाही. "आजी, इथं कॉलेजात शिकवून राहिले, धुरावर शेवाळ वाढवून डिझेल बनते म्हणे. आपल्या गावची ती पागल बाई हेच करायची ना?" पागल म्हणालीस. तू तेव्हा माझ्या गुडघ्याएवढी होतीस. तिच्या बाटलीला हात लावलास म्हणून तिनं तुझा कान असा पिरगाळला होता की दोन दिवस तू त्या कुशीवर झोपली नव्हतीस. त्याच कानानं आता ऐक. पागल नव्हती ती. दुष्ट होती. एवढं शिकून तुला यातला फरक कळू नये का गं?

मी काही शाळा शिकलेली नाही. तुझ्या बापाची पुस्तकं पुसता पुसता वाचायला लागले. तेव्हा शास्त्रातलं काही चुकलं तर तुझ्याजवळ ठेव, गावभर सांगू नको.

रामटेके बाई आपल्याकडे राहायला आली ती मिलमुळं. आपल्या मागच्या भिंतीपलीकडं राईस मिल, उसना, म्हणजे उकडा तांदूळ काढणारी. तिथला बॉयलर कोंड्यावर पेटला की धुराडं ओकायला लागायचं आणि माझ्या वाळवणावर काजळी बसायची. मी त्या धुराला रोज शिव्या घालायची. आणि ही बाई, गोंदियाच्या कॉलेजातली प्राध्यापक, ऑटोतून उतरली, सामान हातातच, आणि मान वर करून त्या धुराकडं पाहत राहिली. उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडं पाहते ना, तशी.

"ताई, हा धूर रोज निघतो?"

"रोज निघते ना जी. मरत नाही मेला."

"छान," म्हणाली. खोली उघडून पाहिलीसुद्धा नाही. भाडं ठरलं.

वाळक्या शेंगेसारखी बाई. अंबाड्यात पेन खोचलेला, मनगटावर पुरुषी घड्याळ. बाटली उचलून एक डोळा मिटायची आणि उन्हाकडं धरून नखानं टिचकी मारायची. बाजारात आपण नारळ वाजवून घेतो तसं. मग एक तर बाटली जागेवर जायची, नाही तर मोरीत. मधलं काही नव्हतं तिच्याकडं.

तिचं काम असं होतं. बोदलकसाच्या तलावातून तिनं पाणी आणलं होतं, त्यात डोळ्याला न दिसणारे हिरवे जीव. शेवाळ म्हटलं की चिडायची. झाड जसं उन्हात स्वतःचं अन्न रांधते, तसे तेही रांधतात, आणि त्यासाठी हवेतला जो वायू लागतो तोच धुरात भरभरून असतो. मिलच्या धुराड्याला पाइप लावायचा, धूर पाण्याच्या ड्रममधून गार करायचा आणि टाक्यात बुडबुडे सोडायचे. जीव धूर खातील, ऊन खातील, अंगात तेल धरतील. त्या तेलाचं डिझेल. मला समजावं म्हणून एकदा म्हणाली, "ताई, चुलीतून गेलेला धूर पकडून पुन्हा चुलीत घालायचा. एवढंच."

मिलवाल्या शेठनं कंपाउंडातलं एक शेड दिलं, ते पेपरात नाव येईल म्हणून. पण अट घातली. नागपूरचे साहेब लोक पाहायला येतील, तेव्हा तिच्या तेलावर इंजिन चाललं पाहिजे. चाललं तर शेड तिचं, पाइप तिचा, पुढचं सरकारी कामही तिचं. नाही चाललं तर पाइप काढणार आणि शेडात कोंड्याची पोती रचणार. बाई कॉलेजातून बिनपगारी रजा घेऊन आली होती. घरदार, लग्न, काही केलेलं नव्हतं. त्या एका इंजिनावर सगळं टांगलेलं. हे ध्यानात ठेव.

पहिल्या रात्री मी तिला जेवायला बोलावलं. भात, लाखोळीची डाळ, वांगी, वरून तूप. तिनं अर्धं खाल्लं आणि ताट सारलं.

"एवढं वाढू नका ताई. पोट भरलं की डोकं झोपतं. पोट भरलेल्याकडून काही मिळत नाही, ना माणसाकडून, ना जीवाकडून."

मी म्हटलं, असंल शिकलेल्यांचं काही. पुढं एकदा तिनंच सांगितलं. तिचे आईबाप विड्या वळायचे. परीक्षा आली की आई तिला अर्ध्याच पोटी बसवायची, म्हणायची, जास्त खाशील तर झोप येईल. बाई पहिली यायची. घरात तांदूळच नसायचा, हे तिला फार उशिरा समजलं. "पण तोवर माझा विश्वास बसला होता, ताई," म्हणाली. हसली नाही सांगताना.

आणि मग तिनं सगळ्या दुनियेला अर्ध्या पोटी बसवलं. कॉलेजची दोन-चार पोरं तिच्या हाताखाली शिकायला यायची, त्यातली एक पोरगी देवरीकडची, दोन बस बदलून यायची. पावसाळा गेला, हिवाळा गेला, पोरीनं एक बाटली वाढवली. बाईनं उन्हाकडं धरली, टिचकी मारली आणि सगळ्या पोरांपुढं मोरीत ओतली.

"मॅडम, त्याच्यात माझं वर्ष होतं," पोरगी म्हणाली.

"दुसऱ्या कुणाचे जीव मिसळलेत यात. तुझं वर्ष वासाला येतंय. रड, रडून झालं की बाटली घासून ठेव."

पोरगी घासून गेली, पुन्हा आली नाही. तिला पुढं मोठी नोकरी लागली म्हणे. बाईला वाटायचं, आपण ओतली म्हणूनच लागली.

आता वच्छलाचं ऐक. बोदलकसाच्या काठची ढीवराची विधवा. आधी मासोळी विकायची, रोवण्याच्या दिवसांत धानाच्या बांधीत रोपं लावायला जायची. बाईनं तिला टाक्याचं चाक फिरवायला ठेवलं. शेडात मोठं उथळ सिमेंटचं टाकं होतं, त्यात पाणी फिरत राहावं म्हणून लाकडी चाक. वीज गेली की हातानं फिरवायचं, आणि आपल्याकडं वीज किती जाते ते तुला माहीत आहे. वच्छलाच्या तळहाताला घट्टे पडले. पण तिचा जीव लागला त्या हिरव्या पाण्यावर. "माही लेकरं," म्हणायची. बाई खेकसायची, "लेकरं नाहीत ती!"

ती काही विचारायला गेली की झालंच.

"बाई, हे खुराक तुमीच काऊन टाकता जी मोजून? मी टाकतो ना."

"तुला काय करायचंय? सांगितलं तेवढं कर."

"पर त्याच्यात काय असते?"

"वच्छला, चाक."

बस्स. चहा बिनसाखरेचा, सुट्टी नाही आणि उत्तरही नाही. टाक्यातला गाळ पिळून वाळवायचा तो वच्छलानं. त्यातून तेल काढायचं ते बाईनं, खोलीचं दार लावून. गावातल्या बाया वच्छलाला टोमणे मारायच्या, "तुई मालकीण शेवाळाले धूर पाजते, अन् तुले चहाबी धड पाजत नाई." वच्छला म्हणायची, "तिले तरी कोन पुसते जी?"

एके दिवशी बाईची आई वारली. निरोप आला, बाई गोंदियाला गेली, आणि संध्याकाळी परत. केस ओले, पायाला घाटावरची माती. मी दारात पाणी घेऊन उभी, ती मला ओलांडून थेट शेडात. तिकडं वच्छलानं चाक थांबवलं होतं. बाईच्या घरी मयत, आज चाक कसं फिरवावं, म्हणून त्याला हळद-कुंकू लावून, हात जोडून बसली होती. रागावली की बाईची कॉलेजातली भाषा गळून पडायची.

"चाक काऊन थांबवलं?"

"बाई, तुमची माय..."

"मेली माही माय. मेली ना? मंग ते मेल्यावर हे बी मारतं का तू? फिरव!"

वच्छला रडत फिरवू लागली. बाई तिथंच उभी राहून डाव्या हातानं बुडबुड्याची नळी साफ करत होती. उजवा हात तिनं पदरात घट्ट गुंडाळून ठेवला होता. मी तो पाहिला. वच्छलानं नाही पाहिला, ती चाकाकडं पाहत होती.

मग तो हिवाळा आला. साहेब लोकांचं येणं पक्कं झालं. दोन दिवस राहणार होते, पहिल्या दिवशी टाकं पाहणार, दुसऱ्या दिवशी तेल काढून इंजिन. बाई आठवडाभर आधीपासून नुसती आत-बाहेर. आणि तिनं टाक्याचा खुराक, म्हणजे ती मोजून घालायची ते खत, बंद केला.

आता इथं नीट ऐक, तू शिकलेली आहेस. हे जीव पोटभर खातात तोवर हिरवेगार राहतात, वाढतात, पण तेल धरत नाहीत. खत तोडलं, तर त्यांना कळते की दिवस वाईट आले. मग वाढ थांबवतात, हिरवेपणा जातो, पिवळे पडतात आणि अंगात तेल साठवतात. पिवळं टाकं म्हणजे तेलानं भरलेलं टाकं. आजवर हे उपाशी ठेवणं बाईनं बाटल्यांतच केलं होतं, दाराआड. मोठ्या टाक्यात पहिल्यांदाच करत होती. वच्छलाला मात्र बोलली नाही. साहेबांना आणायला चार दिवस आधीच नागपूरला निघाली तेव्हा फाटकातून एवढंच ओरडली, "चाक थांबलं तर तुझी खैर नाही."

चाक नाही थांबलं. पण टाकं पिवळं पडत चाललं. आधी कडेनं, मग सगळं. वच्छलाचं जेवण सुटलं. तिनं बाईला बाटल्या मोरीत ओतताना पाहिलं होतं. आता अख्खं टाकं फेकायच्या लायकीचं झालं, आणि तेही साहेब लोक यायच्या तोंडावर. तिला वाटलं, घाईत बाई खुराक द्यायची विसरली. माझ्याकडं येऊन बसली, तर नुसती गुडघ्यात मान.

"शांताबाई, चार लोकांत बाईची फजिती होईन जी."

आणि मग तिनं तेच केलं जे आपल्याकडची कोणतीही बाई करेल. धान पिवळं पडलं तर काय देतात, हे इथं रांगतं लेकरूही सांगते. दिराच्या घरी रब्बीसाठी आणलेला युरिया होता. तिनं पदरात आणला आणि बांधीत फेकतो तसा मुठीनं, टाक्याभोवती फिरत, फेकला.

काय सांगू तुला, दोन-तीन दिवसांत टाकं असं हिरवं झालं की डोळे निवावेत. वच्छला मला हाताला धरून घेऊन गेली. "पाहा जी, उठली माही लेकरं!" मलाही बरं वाटलं. मला तरी काय ठाऊक?

साहेबांची गाडी आली. पुढं बाई, नवी साडी, अंबाड्यात पेन नाही. शेडाच्या दारात पाय ठेवला आणि थांबली. मागून साहेब आले, तेही थांबले, आणि एक जण म्हणाला, "वा! मॅडम, काय हिरवं आहे!" फोटो निघाले. शेठ छाती काढून उभा, "सब अपनी मिल के धुएँ का कमाल है, साब." वच्छला चाकाजवळ उभी, तोंडभर हसत बाईकडं पाहत होती. शाबासकीची वाट पाहत होती, दुसरं काय.

 बाईला एका नजरेत समजलं होतं. साठवलेलं सगळं तेल त्या जिवांनी वाढण्यात उडवलं होतं, टाक्यात आता नुसतं हिरवं पाणी. त्याच क्षणी साहेबांना सांगता आलं असतं, वेळ मागता आला असता. नाही मागितला. साहेब गेल्यावर तिनं वच्छलाकडून तो गाळ काढून घेतला. पिळून घेतला. पुन्हा पिळून घेतला. "जोर लाव." पिळताना वच्छला गाणं गुणगुणत होती, आणि बाई खुर्ची टाकून तिच्यासमोर बसून पाहत होती. सोनल, मी बाईच्या पुष्कळ दुष्टपणाला नावं ठेवली, पण त्या खुर्चीसारखं दुसरं काही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिन. तेल म्हणून जे निघालं ते वाटीच्या तळाला. बाईनं ते घातलं. इंजिनानं दोन उचक्या दिल्या, काळा गोळा सोडला आणि गप्प झालं. साहेब लोक चांगले होते, म्हणाले, पुढच्या वेळी पाहू. पुढची वेळ नाही, हे त्यांनाही माहीत होतं. शेठ मोठ्यानं हसला. "मॅडमजी, इससे अच्छा तो हमारी भैंस का गोबर है. कम से कम कंडा तो बनता है." गाव जमलं होतं, गाव हसलं. बाईचं काही बिघडलं की गावाला दिवाळीच.

हसणं संपल्यावर बाईनं विचारलं, अगदी हळू. "टाक्यात काय टाकलं?"

वच्छला पुढं आली. अजूनही तिला वाटत होतं की निदान हिरवं केल्याचं तरी नाव होईल.

"युरिया जी. तुमी खुराक द्यायले भुलल्या होत्या ना. सारी पिवळी पडली होती, मंग मले..."

बाईनं सगळ्यांसमोर तिला सांगितलं. पिवळं म्हणजे काय, तेल कुठं असते, ते कुणी खाल्लं. वर्गात शिकवावं तसं, स्पष्ट, सोप्या भाषेत. इतकी वर्षं जे उत्तर दिलं नव्हतं ते सगळं उत्तर त्या दिवशी दिलं, चाबकासारखं. वच्छला उभ्या उभ्या सुकत गेली. मग बाई म्हणाली, "बूच काढ."

"बाई, नका जी."

"तूच काढ. तुझी लेकरं आहेत ना?"

वच्छलानं टाक्यात उतरून बूच काढलं. सगळं हिरवं पाणी मिलच्या नालीतून शेठच्या बांधीत गेलं. बाई म्हणाली, "आता जा. तोंड दाखवू नकोस पुन्हा." पुढच्या हंगामात त्या बांधीतलं धान साऱ्या गावात उजवं आलं. शेठ येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा.

पाइप निघाला, पोती रचली गेली. बाई मात्र गेली नाही. कॉलेजात परत जायला तोंड नव्हतं, का काय, तिला ठाऊक. खोलीत पडून राहायची. एक बाटली तेवढी उरली होती, खिडकीत. उन्हाळा लागता लागता तिला कावीळ झाली. डोळे पिवळे, नखं पिवळी. मी वैद्याकडं नेते म्हटलं, डॉक्टरकडं नेते म्हटलं, ऐकेल तर शपथ. अन्न समोर ठेवलं की भिंतीकडं तोंड. एके दिवशी हात उन्हाकडं धरून, एक डोळा मिटून पाहत होती.

"बघा ताई, पिवळी पडले. आता तेल धरेन."

आणि हसली. मला रडू आलं, तर म्हणाली, "बाहेर जाऊन रडा. इथं ओल होते."

मी वच्छलाला बोलावलं नव्हतं. तिला मिलमधल्या कुणी सांगितलं असंल. एका दुपारी आली, हातात पेजेचं भांडं. दारात उभी. इतक्या महिन्यांत तिनं गावात बाईचं नाव काढलं नव्हतं, आणि गावानं तिचं नाव युरियाबाई ठेवलं होतं. पोरं मागून ओरडायची.

ती खाटेजवळ बसली. चमचा बाईच्या तोंडाशी नेला. बाईनं त्या पेजेकडं पाहिलं, मग वच्छलाकडं.

"यात काय टाकलंस?"

वच्छलाचा चमचा हलला नाही.

"युरिया," म्हणाली.

 मग बाईनं तोंड उघडलं.

गिळून झाल्यावर म्हणते कशी, "मीठ कमी आहे. तुला आयुष्यात काही धड जमलं नाही." पण भांडं रिकामं केलं. पूर्ण. तिला पोटभर खाताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर वच्छला रोज यायची, आणि बाई तिला पडल्या पडल्या शिकवायची. खुराक किती, ऊन किती, पाणी कधी बदलायचं, मिसळलेली बाटली वासावरून कशी ओळखायची. चुकलं की शिव्या. शिव्या काही कमी झाल्या नाहीत हो.

पण पेजेनं काय होणार होतं? पोटात पाणी धरलं. भाचा गाडी घेऊन आला नागपूरला न्यायला. गाडीत बसवताना माझ्याशी एक शब्द नाही. इतक्या वर्षांची मी तिची घरमालकीण, पण नाही. वच्छला खिडकीपाशी उभी होती, दोन्ही हातांत ती एक बाटली. गाडी सुरू झाली, फाटकापाशी वळली, आणि काचेतून बाईचा पिवळा हात बाहेर आला. मला वाटलं, निरोप घेते.

"बोळा घट्ट बसवू नको!" ओरडली. "दम घुटते त्यांचा, अक्कलशून्य बाई!"

वच्छलानं तिथंच उभ्या उभ्या बाटलीच्या तोंडातला कापसाचा बोळा सैल केला. मान वर केली तोवर गाडी गेली होती. बाई परत आली नाही.

ती बाटली अजून आहे, सोनल. म्हणजे तीच नाही, तिच्या पिढ्या. वच्छला थकली आता, चाक फिरवणारे ते हात कापतात, पण खिडकीत बाटल्या ओळीनं उभ्या आहेत. सध्या तिनं सगळ्यात मोठ्या बाटलीचा खुराक तोडला आहे. हिरवं गेलं, पिवळं चढत आहे. शेजारणी म्हणतात, "युरियाबाई, मेलं तुयं शेवाळ, फेक ना." ती त्यांच्याकडं पाहतही नाही. दिवसभर त्या पिवळ्या बाटलीसमोर हात मांडीवर ठेवून बसते, काही घालत नाही.

काल मला म्हणाली, "शांताबाई, तुमची नात हेच शिकून राहिली ना? तिले म्हना, बाईनं मले सारं सांगतलं, तेल कसं काढतात ते सांगाचंच राहून गेलं. एक डाव माह्या डोयानं पाहू द्या म्हना."

फार दिवस उपाशी ठेवलं तर ते मरतात, हेही बाईनंच तिला सांगून ठेवलं आहे. तेव्हा ये बाई. परीक्षा झाली की नव्हे, आत्ता ये.